आधी भोसरी, मग केमनिट्स

पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत रविवार गुरुवारी येतो. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले दिवस सगळे एकदम सुरू, असं झालं तर विजेचा भार पेलत नाही. म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार लावून दिले गेले. भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला आणि बऱ्याच कारखान्यांत तो अजून टिकून आहे. बँकेची कामं, मुलगी बघायला जाणं, गावाकडच्या भावकीशी फोनवरून भांडणं, सगळं गुरुवारी. अलीकडे या यादीत आणखी एका कामाची भर पडली आहे, जर्मन शिकण्याची.

ही हकिगत ज्याची आहे तोही चिंचवडच्या एका वर्गाला गुरुवारीच जायचा. त्याचं नाव इथे नको. त्याच्यासारखे या पट्ट्यात ढिगाने आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या गावातून डिप्लोमा करून तो पुण्याला आला, इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला बसला आणि पदवी हातात पडल्यावर चाकणजवळ म्हाळुंग्यात, गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसवर काढणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला लागला. आधी ट्रेनी, मग कॉन्ट्रॅक्टवर, मग एकदाचा ऑनरोल. राहायला भोसरीत चौघांत एक खोली, जेवायला खानावळ, जाण्यायेण्याला कंपनीची बस. ती बस नाशिक रस्त्याने मोशी, कुरुळी मागे टाकून चाकणच्या कोंडीत अडकली की तो वही काढायचा. डेअर, डी, दास.

जर्मनी त्याला आधी भेटली ती कारखान्यातच. मर्सिडीज-बेंझने 1995 मध्ये टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली आणि 2009 मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. त्याच वर्षी 31 मार्चला फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन झालं. बड्या कंपन्यांच्या मागे सुटे भाग पुरवणाऱ्यांची रांग आली, आणि त्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत जर्मन वाहन उद्योगाचं व्हीडीए 6.3 नावाचं ऑडिट येऊन पोहोचलं. नव्वद टक्के किंवा वर गुण पडले तर ए, ऐंशी ते नव्वदच्या मध्ये बी, त्याखाली सी. सी पडला की नव्या कामाची आशा सोडायची. ऑडिटच्या आधी क्वालिटीची माणसं रात्र रात्र बसून कंट्रोल प्लॅन, गेजच्या कॅलिब्रेशनची सर्टिफिकेटं, रिजेक्शनच्या नोंदी जुळवतात. आणि ऑडिटर? तो कॉन्फरन्स रूममधल्या सादरीकरणाला फारसं मनावर घेत नाही. सरळ प्रेसवर जातो आणि ऑपरेटरला विचारतो, हा भाग वाकडा निघाला तर तू काय करतोस? मागे उभ्या असलेल्या साहेब लोकांचा जीव तिथे टांगणीला लागतो.

या प्रश्नाने त्याच्या डोक्यात घर केलं. डाय कशी असावी, पत्रा किती जाडीचा, कुठे किती चूक चालेल, हे सगळं ठरवणारी माणसं दुसऱ्या देशात बसतात. आपण व्हर्नियर लावून हो किंवा नाही म्हणतो. पगार हा मुद्दा होताच, पण त्याला जास्त टोचत होतं ते हे. शिवाय जर्मनीतली सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क घेतात, ही बातमी भोसरीच्या खोल्याखोल्यांत पोहोचली होती. ती पूर्ण खरी नव्हती. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गने 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 यूरो लावले आहेत, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळ्यापासून परदेशी विद्यार्थ्यांकडून फी घ्यायला सुरुवात केली. पण इतर ठिकाणी ती खरी होती, आणि एवढं पुरेसं होतं.

कागदांची लढाई मग सुरू झाली. भारतीय विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रं तपासून देणारं एपीएस 1 नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालं होतं. त्याची फी 18,000 रुपये. पुणे विद्यापीठाची मार्कलिस्ट जर्मन मापात बसवायला एक सूत्र आहे, ज्याला तिकडे बव्हेरियन सूत्र म्हणतात. त्यातून दहापैकी 7.6 चे 2.2 होतात. आईला त्याने हा आकडा सांगितला तेव्हा तिला पोरगा नापास झाल्यासारखं वाटलं. जर्मनीत 1 सर्वांत चांगला आणि 4 म्हणजे काठावर पास, हे तिला पटवायला वेळ लागला.

खरी अडचण पैशाची. व्हिसा मागणाऱ्याने वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात दाखवायची असते. 2023 मध्ये ती 11,208 यूरो होती, म्हणजे तेव्हाच्या भावाने दहा लाख रुपयांच्या आसपास. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 झाली. पैसे आपलेच असतात, तिकडे गेल्यावर दरमहा ठरलेला हप्ता आपल्याच हातात पडतो. पण ते आधी एकरकमी उभे करायचे कुठून? गावाकडे जमीन होती, मात्र शिक्षणकर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. शेवटी मामाने चिखलीतल्या फ्लॅटचे कागद पुढे केले. मामी काही बोलली नाही, फक्त पुढचे काही दिवस मामाशीही बोलली नाही. परदेशी शिक्षणाच्या जाहिरातीत हसरी मुलं, जुने किल्ले आणि बर्फ असतं. चिखलीच्या त्या फ्लॅटचा फोटो कुठल्याच जाहिरातीत नसतो.

या खटाटोपात जर्मनचं शिकणं मागे पडलं. वर्गातल्या मॅडम बजावत होत्या की ए-टू ही पातळी म्हणजे भाजी घेण्यापुरतं जर्मन. निदान बी-वन करून जा. पण अभ्यासक्रम इंग्रजीतून, प्रवेश मिळालेला, व्हिसाची तारीख आलेली. त्याच वर्गात निगडी प्राधिकरणातली एक मुलगी होती. घर स्वतःचं, वडील आयुष्यभर एका मोठ्या कंपनीत. ती रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आधी जर्मन शिकलेली होती आणि बी-टू हातात आल्याशिवाय हलणार नाही म्हणून अडून बसली. तिचं एक वर्ष गेलं, असं सगळे म्हणाले. तो 2023 च्या ऑक्टोबरात निघाला.

हिवाळी सत्र 2023-24 मध्ये जर्मनीच्या विद्यापीठांत 49,483 भारतीय शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांत ही संख्या सर्वांत मोठी. चिनी विद्यार्थ्यांना भारतीयांनी आदल्याच वर्षी मागे टाकलं होतं. या भारतीयांतले निम्म्याहून जास्त अभियांत्रिकीचे.

त्याच्या वाट्याला आलं केमनिट्स, पूर्वेकडच्या सॅक्सनी राज्यातलं जुनं कारखान्यांचं गाव. पूर्व जर्मनीच्या काळात, 1953 पासून 1990 पर्यंत, या शहराचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि 1971 मध्ये उभारलेलं मार्क्सचं सात मीटर उंचीचं काशाचं डोकं आजही भर रस्त्यात आहे. चार कारखानदारांनी एकत्र येऊन 1932 मध्ये ऑटो युनियन काढली तिचं मुख्यालयही पुढे इथेच आलं. ऑडीच्या बिल्ल्यावरची चार कडी त्या चौघांची. पत्र्याला आकार देण्याच्या शास्त्रावर काम करणारी फ्राउनहोफरची संस्था याच शहरात आहे. म्हणजे म्हाळुंग्याच्या प्रेस शॉपमधून निघालेल्या माणसाने जावं असं ठिकाण. पण हे सगळं त्याला नंतर कळलं. प्रवेश मिळाला आणि खोलीचं भाडं म्युनिकच्या मानाने बरंच कमी होतं, एवढ्यावर त्याने शहर निवडलं होतं.

पहिल्या आठवड्यात गोंधळून जायचं असतं, अशी पद्धत आहे. तो गोंधळला नाही. याचं श्रेय केमनिट्सला नाही, भोसरीला आहे. नवख्या माणसासमोर तिथे कागदांची एक साखळी असते: खोली मिळाली की घरमालकाचं पत्र, त्या पत्रावर दोन आठवड्यांत शहराच्या कचेरीत नोंदणी, नोंदणीवर करक्रमांक आणि बँक खातं, खात्यावर बंद खात्यातला हप्ता, आणि हे सगळं हातात असलं तरच परदेशी नागरिकांच्या कचेरीत निवास परवाना. एक कडी सुटली की पुढचं सगळं अडतं. त्याने कारखान्यात करायचा तसाच एक फोल्डर केला: विभाग, अनुक्रमणिका, मूळ प्रत मागे, झेरॉक्स पुढे. कचेरीतल्या बाईंनी एखादा कागद मागावा आणि याने न बोलता तो समोर ठेवावा. वसतिगृहाच्या त्याच्या मजल्यावरची हैदराबाद, राजकोट आणि लाहोरची मुलं आपापले कागद घेऊन त्याच्याकडे यायला लागली. ऑडिटला माणसं कंटाळतात, पण ऑडिटमध्ये मुरलेला माणूस सरकारी कचेरीला घाबरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. धाराशिवचा मुलगा पहिल्यांदा स्थलांतरित झाला तो जर्मनीत नव्हे. अनोळखी माणसांबरोबर खोली वाटून घेणं, डिपॉझिटवरून मालकाशी हुज्जत, पोलीस पडताळणीचा फॉर्म, पाण्याच्या टँकरची वाट बघणं आणि कुणीतरी सहज म्हणून टाकलेलं ‘बाहेरचा आहे’, हे सगळं त्याचं भोसरीत होऊन गेलं होतं. चाकण पट्ट्यात मराठवाड्याच्या आणि खानदेशाच्या पोरांना बाहेरचंच समजतात, त्यात त्यांची भाषा मराठी असण्याने फार फरक पडत नाही. बाहेरचं असण्याचा सराव होता, म्हणून केमनिट्सची थंड नजर त्याला नवी नव्हती. सॅक्सनीत स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाने सप्टेंबर 2024 च्या राज्य निवडणुकीत 30.6 टक्के मतं घेतली. त्या सुमारास ट्राममध्ये एक म्हातारा त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. काय ते याला कळलं नाही. भाषा न येण्याचा तेवढाच एक फायदा.

प्राधिकरणातली मुलगी पुढच्या वर्षी ब्राउनश्वाइगला पोहोचली, आणि सुरुवातीचे महिने तिला फार जड गेले. तिला कुणी कधी बाहेरची म्हटलंच नव्हतं. सामायिक फ्लॅटमध्ये न्हाणीघर कुणी कधी धुवायचं याचा तक्ता दारावर लावलेला असायचा. आपल्या आठवड्यात ते राहून गेलं तर दुसरी मुलगी तोंडावर सांगायची, आणि सांगून झाल्यावर हसून बोलायची. तिला ते सांगणं अपमान वाटायचं आणि ते हसणं खोटं. दोन्ही समज चुकीचे होते, पण हे कळायला हिवाळा सरला.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. सबमिशन नाही, टर्मवर्क नाही, हजेरी नाही. तास संपला की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या सांध्यांनी बाक ठोकतात. सत्राच्या शेवटी एक परीक्षा आणि सगळे गुण तिच्यावर. तयारी झाली नसेल तर मुदतीच्या आत नाव काढून घेता येतं. मात्र एकाच विषयात तीनदा नापास झालात की बहुधा तो अभ्यासक्रमच संपतो. आपल्याकडच्या एटीकेटीवर वाढलेल्या मुलांना मोकळीक आधी दिसते आणि तीनदाचा नियम नंतर. त्याने पहिल्या सत्रात पुण्याच्या सवयीने भरमसाट विषय घेतले होते. एका सीनिअरने वेळीच दोन काढायला लावले.

पैशासाठी काम करणं भागच होतं. महिन्याला 934 यूरो मिळत. त्यातून खोली, विमा, जेवण, आणि टीव्ही नसला तरी दर घरामागे द्यावं लागणारं 18.36 यूरोचं प्रसारण शुल्क. परदेशी विद्यार्थ्याला तेव्हा वर्षात 120 पूर्ण दिवस काम करता येत असे. 1 मार्च 2024 पासून ही मर्यादा 140 झाली. किमान मजुरी तासाला 12 यूरो होती, जानेवारी 2024 मध्ये 12.41 झाली. पहिलं काम मिळालं ते पार्सलच्या गोदामात, रात्रीचं. बरोबरची मुलं पहिल्याच रात्री कोलमडली. याला थर्ड शिफ्ट सवयीची होती. कमरेला पट्टा, खिशात चणे, तीन वाजता येणारी झोप उभ्यानेच पळवायची, हे ज्ञान कुठल्याच प्रवेशअर्जात लिहायला जागा नसते.

मग विद्यापीठातल्याच एका प्रयोगशाळेत त्याला विद्यार्थी साहाय्यकाचं काम मिळालं, आणि इथे खरी मजा आली. पत्रा दाबून आकार दिला की दाब काढल्यावर तो थोडा मागे उसळतो. याला स्प्रिंगबॅक म्हणतात. जितकं पोलाद दणकट तितकी उसळी जास्त. गाड्यांच्या सांगाड्यात वजन कमी करण्यासाठी दणकट पोलाद वाढत गेलं, तशी ही डोकेदुखीही वाढली. प्रयोगशाळेत ती उसळी संगणकावर आधीच काढतात आणि डायचा आकार तेवढा उलट वाकवून ठेवतात. म्हाळुंग्यात असं सॉफ्टवेअर नव्हतं. तिथे अनुभवी डायमेकर शिम घालून, दगडाने घासून, पुन्हा एक भाग काढून, पुन्हा घासून ते आवरायचा, आणि हा बाजूला मोजायला उभा असायचा. त्यामुळे पडद्यावरचा आकडा बघून आत काय होतंय ते त्याच्या डोळ्यांसमोर यायचं. एकदा मोजमाप आणि गणित जुळेना. सगळे गणितात चूक शोधत होते. त्याने भाग धरणारं फिक्श्चर तपासलं. एका बाजूचा क्लॅम्प जास्त आवळला जात होता. चाकणला ही रोजची भानगड.

तिथल्या वर्कशॉपचा प्रमुख कारागीर पूर्व जर्मनीच्या काळात शिकलेला, निवृत्तीला आलेला. विद्यापीठात प्राध्यापकाला जेवढा मान तेवढाच या माणसाला, हे बघून तो चकित झाला. आपल्याकडे डायमेकरशिवाय कारखाना चालत नाही, पण मीटिंगला त्याला खुर्ची मिळत नाही. हा म्हातारा सुरक्षेची सही घेतल्याशिवाय कुणालाही, पीएचडीवाल्यालाही, मशीनला हात लावू देत नसे. याच्याशी त्याचं जमलं. मात्र दोघांचं बोलणं व्हायचं ते हातवाऱ्यांनी आणि चॉकने जमिनीवर चित्रं काढून. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, आणि याचं ए-टू भाजीपुरतंच होतं. चाळीस वर्षांचं कसब समोर उभं असताना त्याला नीट एक प्रश्न विचारता येत नव्हता. मॅडमचं म्हणणं त्याला तेव्हा पटलं.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा इंग्रजीतून पदव्युत्तर शिक्षणाची ही सोय नव्हतीच. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर त्या गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारं मोठं नाव. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकावर इरावतीबाईंनी काम केलं आणि त्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, हा गुरूला न रुचणारा निष्कर्ष मांडला. तोही जर्मन भाषेत लिहिलेल्या प्रबंधात. परक्या देशात, परक्या पैशावर शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने आपल्या प्राध्यापकाला त्याच्याच भाषेत नाही म्हणून दाखवलं. भाषा कशाला लागते, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

आजारपण आलं ते फेब्रुवारीत. ताप, घसा, आणि वसतिगृहाच्या खोलीत एकटा. शेजारच्या खोलीतल्या घानाच्या मुलाने दोन दिवस सूप आणून दिलं. पुण्याने हा प्रसंग दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना एक मुलगी खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळला आहे आणि ती त्याला जेवण आणून देते आहे. परदेशी विद्यार्थ्यांना या शहरात आपलं म्हणणारं कुणी नाही, या जाणिवेतून 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. आज पिंपरी-चिंचवडमध्येही आफ्रिकेतून आलेली मुलं शिकतात. त्यांना खोली देताना आपल्या सोसायट्या कशा वागतात, याची चौकशी जर्मनांच्या थंडपणाबद्दल तक्रार करणाऱ्याने आधी करावी.

घराशी बोलण्याचं गणितही विचित्र होतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचंच संरक्षण आहे. म्हणजे याला मोकळा दिवस रविवार, तर भोसरीच्या खोलीतले जुने सोबती तेव्हा फर्स्ट शिफ्टला. त्यांचा गुरुवार, तर याचं लेक्चर. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचार. आई रात्री नऊला झोपते. वडील एकच प्रश्न विचारत: नोकरीचं काय?

या प्रश्नाचं उत्तर 2024 मध्ये दिवसेंदिवस अवघड होत गेलं. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफने जुलैमध्ये जाहीर केलं की 2028 च्या अखेरपर्यंत जर्मनीतल्या 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी होतील. डिसेंबरात फोक्सवॅगन आणि कामगार संघटनेत समझोता झाला: 2030 पर्यंत जर्मनीत 35,000 हून अधिक जागा कमी करायच्या. ज्या उद्योगाच्या भरवशावर चाकणची पोरं निघाली होती, तोच उद्योग तिकडे आखडत होता आणि इकडे चाकण-तळेगावात नव्या शेड उभ्या राहत होत्या. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला. म्हाळुंग्यातल्या त्याच्या जुन्या कारखान्यात नवी प्रेस लाइन बसली. ज्याला त्याने व्हर्नियर धरायला शिकवलं तो तिथे शिफ्ट इंचार्ज झाला. व्हॉट्सॲपवर फोटो आला. अभिनंदन लिहून त्याने फोन उलटा ठेवला.

प्रबंधासाठी कंपनी शोधायला लागल्यावर नकारांची रांग लागली. कारणं बहुतेक वेळा कळवत नसत, पण जाहिरातीच्या तळाशी एक ओळ जवळपास सगळीकडे होती: जर्मन बी-टू. ब्राउनश्वाइगच्या मुलीला वोल्फ्सबुर्गच्या बाजूला एका पुरवठादार कंपनीत विद्यार्थी कर्मचाऱ्याची जागा दुसऱ्या सत्रातच मिळाली. तिने मेल पाठवली नव्हती, फोन केला होता. मंदी तिच्याही कंपनीत होती. पण ज्याला दुपारच्या जेवणाच्या टेबलावरचं बोलणं कळतं त्याला कुठे माणूस हवा आहे हेही आधी कळतं. स्थलांतराचा सराव याच्याकडे होता, भाषा तिच्याकडे. पहिल्या वर्षी याचं पारडं जड होतं, दुसऱ्या वर्षी तिचं. आणि पोटापाण्याचा निकाल दुसऱ्या वर्षी लागतो.

त्याने मग सत्र लांबवलं, गोदामातलं काम सोडलं आणि संध्याकाळी भाषेच्या वर्गाला बसला. बी-वन झालं. वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्याच्या ओळखीने डोंगरातल्या एका छोट्या गावातल्या डाय बनवणाऱ्या कारखान्यात 2025 मध्ये प्रबंधाची जागा मिळाली. नाव कुणी ऐकलेलं नाही असा कारखाना, माणसं साठेक, मालक स्वतः सकाळी मशीनवर. पुण्यातून निघताना मोठ्या कंपनीचा बिल्ला छातीवर लावायचं स्वप्न होतं. इथे बिल्लाच नाही. पण डाय कशी असावी हे ठरवणारी माणसं याच टेबलाभोवती बसतात, आणि आता तोही तिथे बसतो. प्रबंध संपल्यावर त्यांनी त्याला ठेवून घेतलं. त्याच्या बॅचमधले बरेच जण अजून शोधात आहेत. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, आणि त्यातले दिवस मोजले जात आहेत. काही परत आले. परत आलेल्यांपैकी दोघे चाकणलाच, आधीपेक्षा बऱ्या पगारावर. त्यांना अपयशी म्हणणाऱ्या नातेवाइकांनी त्यांचे कर्जाचे हप्ते भरून पाहावेत.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्गशी करार केला, तो 10,000 कुशल तरुणांना तिकडे पाठवण्याचा. त्यात जर्मन शिकवण्याची सोय सरकारने करायची असं ठरलं. म्हणजे वायरमन आणि नर्स यांना भाषेशिवाय पाठवू नये, हे सरकारला समजलं; इंजिनिअरांच्या बाबतीत मात्र भाषा ही ज्याची त्याची हौस समजली जाते. आकुर्डी-निगडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दर वर्षी किती मुलं जर्मनीला जातात हे त्या कॉलेजांना चांगलं माहीत आहे, कारण प्रवेशाच्या माहितीपत्रकात ते छापतात. त्यांनी दुसऱ्या वर्षापासून जर्मनचे नीट तास ठेवावेत, वेळापत्रकात, परीक्षेसकट; शनिवारच्या हौशी कार्यशाळेने काही होत नाही.

जुन्या खोलीतली दोन पोरं आता एपीएसच्या तयारीत आहेत. त्यांनी सल्ला विचारला तेव्हा त्याने विद्यापीठांची यादी पाठवली नाही. बी-वनचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत कुणाच्या मामाला फ्लॅटचे कागद मागू नका, एवढंच कळवलं.